मुलाच्या बाजूला कोण बसणार?

रमजानमध्ये यतीमखान्याची पावती फाडायला आपल्या मोहल्ल्यात कोणी नाही म्हणत नाही. यतीमाच्या डोक्यावर मायेचा हात ठेवणे सवाबाचे काम, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्याच मोहल्ल्यातल्या एखाद्या लेकरावर घरच्याच माणसाने अत्याचार केला आणि प्रकरण कोर्टात गेले, की सगळे हात आखडतात. 'घर की बात घर में रखो' सांगायला मात्र दहाजण येतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीबरोबर मी कोर्टात गेले. समन्स मराठीत होते, आईला फक्त उर्दू वाचता यायचे, म्हणून मला बोलावले होते. बाहेरच्या बाकावर आम्ही दोन तास बसलो. तेवढ्या वेळात मुलीने एकच विचारले, "मॅडम, वो भी आएगा क्या?" माझ्याकडे उत्तर नव्हते. ते कायद्यात आहे, हे मला नंतर कळले. पॉक्सो कायदा, 2012 चे कलम 36 सांगते, की साक्ष देताना मूल आरोपीसमोर येणार नाही याची काळजी न्यायालयाने घ्यायची. एवढे कोणी आधी सांगितले असते, तर ती पोर आदल्या रात्री झोपली असती.

हे सांगणाऱ्या माणसाची सोयही कायद्यात आहे. 2020 च्या पॉक्सो नियमांत त्याला 'सहाय्यक व्यक्ती' म्हटले आहे. बालकल्याण समिती त्याला नेमते. तपासापासून खटला संपेपर्यंत त्याने मुलाला साथ द्यायची, तारखा आणि प्रक्रिया समजावून सांगायची, गुप्तता पाळायची. मुलाच्या स्थितीचा अहवाल समितीने त्याच्याकडून दरमहा घ्यायचा. साक्ष पढवणे हे त्याचे काम नाही. सहाय्यक व्यक्ती द्यायची की नाही हे पालकांच्या मर्जीवर सोडू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये बजावले. अत्याचार करणारा घरातलाच असेल, तर पालकांची मर्जी कुणीकडे झुकेल हे सांगायला हवे का?

'सरकारी वकील असतोच की,' असे काहीजण म्हणतात. असतो, पण तो खटला सरकारच्या वतीने चालवतो. मूल रात्री जेवले का, शाळेत जाते का, त्याच्यावर जबाब फिरवायला कोण दबाव आणतो, हे त्याने कधी पाहायचे? अमेरिकेत सिअ‍ॅटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांना 1977 मध्ये हीच उणीव जाणवली. छळ आणि दुर्लक्ष सोसणाऱ्या मुलांबद्दल निर्णय द्यायचा, पण मुलाच्या बाजूने बोलणारे कोणी नाही. त्यांनी साध्या नागरिकांना प्रशिक्षण देऊन ते काम सोपवले. तिथले स्वयंसेवक न्यायाधीशांपुढे मुलाचे हित मांडतात. आपल्याकडची भूमिका वेगळी आहे, पण गरज तीच.

आता आपल्या माणसांचा लाडका आक्षेप: 'आधीच आपल्याकडे बोटे दाखवली जातात, त्यात हे चव्हाट्यावर कशाला?' बोटे दाखवली जातात, खरे आहे. पण कौमच्या अब्रूची किंमत आठ वर्षांच्या मुलाने का मोजायची? सूरह निसा न्यायाच्या बाबतीत आईबापांना आणि नातलगांनाही सूट देत नाही. मग बिरादरीतल्या बुजुर्गांना ती कुठून मिळाली? शिवाय असा गुन्हा ठाऊक असून पोलिसांना न कळवणे हाच पॉक्सोखाली गुन्हा आहे. 'आपसात मिटवू' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

माझा खरा राग मात्र आम्हा शिक्षकांवर आहे. घरी दखनी, शाळेत उर्दू आणि कोर्टात मराठी, अशा तीन भाषांत ते लेकरू अडकते. या तिन्ही भाषा ज्याला येतात तो माणूस स्टाफरूममध्ये चहा पीत बसलेला असतो! जनगणना आणि निवडणुकीच्या कामांतून वेळ मिळत नाही, ही आमची तक्रार रास्त आहे. पण दुःख ऐकायला मुले आधी आमच्याकडेच येतात, हेही तितकेच खरे.

जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, सहाय्यक व्यक्तींच्या यादीबद्दल विचारा, आपले नाव द्या. यतीमखान्याची पावती जरूर फाडा. पण कोर्टाबाहेरच्या बाकावर एक मूल बसले आहे. त्याच्या शेजारची जागा पैशाने भरत नाही.