काटा चढला, की आधी पंखा बघा

शीळ-महापे रस्त्यावर रांग लागली, की बॉनेट उघडून कडेला उभी असलेली एखादी गाडी दिसतेच. मागे मेथी-कोथिंबीर भरलेली, वाशीचा बाजार पुढ्यात आणि चालक पाण्याची बाटली घेऊन उभा. माल कोमेजतो, भाव पडतो आणि खापर फुटतं नशिबावर. माझ्या मते हा नशिबाचा नव्हे, दुर्लक्षाचा तोटा आहे.

विहिरीवरच्या पंपाचा आवाज जरा बदलला, तरी आपण धावतो. गाडीच्या पंख्याकडे मात्र कुणाचा कान नसतो. खूण सोपी आहे. गाडी पळताना समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. थांबली, की ते काम पंख्याचं. म्हणून रांगेत काटा चढत असेल आणि रस्ता मोकळा झाल्यावर उतरत असेल, तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा. उलट, पळतानाच काटा चढत असेल, तर चोंदलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा पाण्याचा पंप तपासावा.

इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा. मग गाडी चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा फिरायला लागतो. नाही फिरला, तर आधी फ्यूज, मग रिले, वायरची जोडणी बघावी. मेकॅनिककडून मोटारीला बॅटरीचा थेट करंट देववावा. फिरली, तर मोटार शाबूत. दोष अलीकडे, वायर, रिले वा सेन्सरमध्ये. ट्रॅक्टर आणि जुन्या डिझेल गाड्यांत पंखा पट्ट्यावर चालतो. तिथं पट्ट्याचा ताण बघावा.

दोन गोष्टी मात्र पाळा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, हात लांब ठेवा.

गेल्या उन्हाळ्यात एका गॅरेजात मला नवा रेडिएटर घ्यायला सांगितलं. जळाला होता नुसता फ्यूज! तो त्याच अँपिअरचा बसवावा, तार गुंडाळू नये. पुन्हा जळला, तर मोटार अडकतेय किंवा वायर कुठंतरी चिकटतेय असं समजावं. तापलेली गाडी तशीच रेटली, तर हेड गॅस्केट जातं आणि हजारोंचा खर्च अंगावर येतो.

ग्रामपंचायतींनी खरिपाच्या मेळाव्यात बी-बियाण्यांबरोबर एक तास वाहनालाही द्यावा. माल पिकवला, पण वेळेत पोचला नाही, तर राबणं फुकट गेलं.