बकासुराचा गाडा

दसऱ्यानंतर केळझरला मामांकडे गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सेलू तालुक्यातलं, नागपूर-वर्धा रस्त्यावरचं, सिद्धिविनायकाच्या मंदिराचं गाव. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, अशी इथली आख्यायिका. म्हणजे बकासुर आमच्याच गावचा! :-)

शेतात सोयाबीनची गंजी, शेजारी भाड्याचा थ्रेशर आणि त्याला जोडलेला चांगला पन्नास एचपीचा ट्रॅक्टर. रेसचा दांडा शेवटपर्यंत ओढलेला. बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

"थोड्या कमी रेसवर नाही चालत का?" मी विचारलं.

"कमी रेस केली तं पोते कमी निघते ना भाऊ," चालक म्हणाला.

त्याचं चुकलं नाही. भाव पोत्यावर ठरलेला. डिझेल मालकाचं असलं तरी हंगाम जेमतेम तीन आठवड्यांचा, आणि पुढचं शेत वाट पाहतंय. त्याला डिझेलपेक्षा वेळ महाग.

पण हिशोब बघा. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. इंजिनावर पुरेसा भार असेल तर पीटीओच्या दांड्यावर त्यातली जेमतेम तीन युनिट पोचतात. इंजिन मोठं, काम हलकं आणि रेस पूर्ण, असं असेल तर तीही मिळत नाहीत. इंजिन स्वतःलाच फिरवण्यात डिझेल खातं. म्हणूनच काही ट्रॅक्टरांना 'इकॉनॉमी पीटीओ' असतो. पीटीओचे तेच ५४० फेरे, पण इंजिन कमी वेगात. हलक्या कामाला हा गिअर टाकायचा. किती जण टाकतात?

आता माझा खरा मुद्दा. मामांनी मागच्या खरिपात घरचंच बियाणं पेरलं होतं. उगवण इतकी विरळ की दुबार पेरणी करावी लागली. सगळ्यांनी पावसाला बोल लावला. मला मात्र त्या रेसच्या दांड्याचाही संशय आहे. सोयाबीनच्या दाण्याचं साल नाजूक. बियाण्यासाठी मळताना ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवा, असं कृषी विभागवाले सांगतात. जास्त वेगात दाणा फुटतो, किंवा वरून धड दिसतो आणि जमिनीत कुजतो. म्हणजे जादा डिझेल मालकाचं जळतं आणि बियाणं आपलं मरतं.

नुसती रेस कमी करून भागत नाही, हेही खरं. पंख्याचा वारा पडतो, भुसा दाण्यात राहतो. म्हणून ड्रमची पुली बदलून घ्यायची. निदान बियाण्याची पोती वेगळी, सावकाश मळून घ्यायची, आणि त्यांचा भाव थोडा जास्त द्यायचा. हो, जास्त! दुबार पेरणीपेक्षा स्वस्तच पडेल. आणि ट्रॅक्टरमालकांनी एकदा टाकी काठोकाठ भरून मळावं, मग पुन्हा काठोकाठ भरून बघावं किती लिटर लागलं. त्याला कुठलं यंत्र लागत नाही.

यंदा मामांनी बियाण्याची चार पोती सावकाश मळून घेतली. चालक कुरकुरला, पण मळली. जूनमध्ये कळेलच.

बकासुराला गाडाभर अन्न लागायचं, गाड्याचे रेडे लागायचे आणि वर माणूसही. आमच्या शेतातले बैल तर केव्हाच गेले. आता गाडाभर डिझेल चाललंय. निदान पुढचं पीक तरी त्याच्या तोंडी द्यायला नको.

असो. तुमच्याकडे कसं मळतात, नक्की कळवा.