सूत्र जुळले, पण पदार्थ कोठे आहे?

विद्यार्थिमित्रांनो, संयुजांची अदलाबदल करून रेणुसूत्र लिहिण्याची युक्ती तुम्हांला पाठ असेलच. तांब्याची संयुजा २, आयोडिनाची १. म्हणून तांब्याच्या एका अणूला आयोडिनाचे दोन अणू. झाले सूत्र! गुणही मिळतात. पण असा पदार्थ बाटलीत भरून ठेवता येतो का, हे कोणी विचारीत नाही. ते विचारले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिक्षकांच्या देखरेखीखाली मोरचुदाच्या निळ्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण घालून पाहा. मिश्रण तपकिरी व गढूळ होते. त्यात थेंबथेंब हायपो घातला, की तपकिरी रंग जातो आणि पांढरा साका उरतो. तो रंग मोकळ्या झालेल्या आयोडिनाचा होता. आयोडाइड आयनांपैकी निम्म्यांनी आपला इलेक्ट्रॉन तांब्याला देऊन टाकला. तांबे +२ वरून +१ वर आले. त्या पांढऱ्या साक्यात तांब्याच्या एका अणूमागे आयोडिनाचा एकच अणू असतो. तुम्ही वहीत लिहिलेला पदार्थ तेथे टिकतच नाही!

बरे, सूत्राचा पदार्थ मिळाला, तरी काम संपत नाही. थॅलियमच्या एका अणूमागे आयोडिनाचे तीन अणू असलेले संयुग खरोखर आहे. मग थॅलियम +३ का? नाही, +१! आयोडिनाचे तिन्ही अणू एका ओळीत जोडलेले असून त्या तिघांवर मिळून एकच ऋण भार असतो. (थॅलियमची संयुगे अतिशय विषारी आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.)

याच्या उलट लँथॅनमचे. एका अणूमागे आयोडिनाचे दोन अणू असलेल्या त्याच्या संयुगातून धातूप्रमाणे वीज वाहते. कारण तेथे लँथॅनम +२ नसून +३ आहे. उरलेला इलेक्ट्रॉन स्फटिकभर मोकळा फिरतो.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने रसायनात का डोकवावे, असे तुम्ही म्हणाल. पण इलेक्ट्रॉन दोघांचाही आहे! सूत्र अणूंचे प्रमाण सांगते. इलेक्ट्रॉन कोणाजवळ आहे, हे प्रयोगालाच विचारावे लागते.

म्हणून शिक्षकमित्रांनो, सूत्राला एक गुण जरूर द्या, पण "हे कशावरून?" असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला दोन द्या.