बारावीनंतर तत्त्वज्ञान

बारावीचा निकाल लागला की पहूरच्या बसस्टँडवर फायली छातीशी धरून जामनेर-जळगावकडे निघालेली पोरं-पोरी दिसतात. त्यातल्या एखादीने बी.ए.ला तत्त्वज्ञान घ्यायचं म्हटलं, की घरातून विचारणा होते, "पुढे काय करशील?" कपाशीच्या भरवशावर फी भरणाऱ्या बापाने हे विचारायलाच हवं. पण हा विषय आपल्या मातीला परका मात्र नाही. याच जळगाव जिल्ह्यात, अमळनेरला, गिरणीमालक प्रतापशेटजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कृष्णचंद्र भट्टाचार्य, टी. आर. व्ही. मूर्ती, जी. आर. मलकानी अशी देशभरची माणसं तिथे अद्वैतावर खल करत बसली. साने गुरुजी आधी तिथेच आले, मग प्रताप हायस्कूलात शिक्षक झाले.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात समोरच्याचं म्हणणं आधी पूर्वपक्ष म्हणून त्याच्याइतक्याच ताकदीने मांडावं लागतं, मग खोडता येतं. ग्रामसभेत असं बोलणारे किती आहेत? स्पर्धा परीक्षेचं म्हणाल, तर यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांतही तत्त्वज्ञान आहेच. म्हणून महाविद्यालयांना आमची कळकळीची विनंती आहे: विद्यार्थी कमी म्हणून हा विषय बंद करू नका.