घरकुलालाही वास्तुकार हवा

चार्ल्स कोरिया यांच्यावर आपल्या स्मरणिकेत लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. अशा ग्रंथात संस्थेच्या वाटचालीला, धम्माला आणि चळवळीला स्थान असते. मुंबईच्या वास्तुकाराला ते क्वचितच मिळते. परंतु ज्या निवासी शाळेत ऊसतोड कामगारांची लेकरे गाळपाचा सारा हंगाम आईवडिलांविना काढतात, त्या शाळेच्या परिवाराने घर या विषयावर बोलायचे नाही, तर कोणी बोलायचे?

कोरिया यांचा जन्म १९३० सालचा, सिकंदराबादचा; आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. कुटुंब मूळचे गोव्याचे. अमेरिकेत शिक्षण घेऊन त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत व्यवसाय सुरू केला. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय ही त्यांची आरंभीची गाजलेली वास्तू. पुढे पद्मविभूषणपर्यंतचे सन्मान लाभले आणि २०१५ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या भव्य इमारतींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला मोलाची वाटतात ती त्यांची लहान घरे.

१९६१-६२ च्या सुमारास गुजरात गृहनिर्माण मंडळासाठी त्यांनी अल्प खर्चाचे एक घर रचले. ते ‘ट्यूब हाऊस’ म्हणून ओळखले जाते. रुंदी अवघी ३.६ मीटर, लांबी १८ मीटर. छत उतरते, तापलेली हवा त्या उतारालगत वर चढते आणि माथ्यावरच्या फटीतून बाहेर पडते. तिची जागा घ्यायला खालून गार हवा आत येते. दाराजवळच्या पट्ट्या उघडझाप करून हा प्रवाह कमीअधिक करता येतो. पंखा नाही, वीज नाही. अहमदाबादच्या उन्हाळ्यासाठी काढलेली ही युक्ती आपल्या चैत्र-वैशाखालाही परकी नाही. ते घर पुढे पाडले गेले, विचार मात्र उरला.

कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर कोरिया तिचे मुख्य वास्तुकार झाले. तेथेच बेलापूरला, १९८३ ते १९८६ या काळात, त्यांची घरांची वसाहत उभी राहिली. सात घरे एका लहान अंगणाभोवती, सुमारे आठ मीटर लांब-रुंद. असे तीन पुंजके मिळून एकवीस घरे, त्यांच्या मध्ये आणखी मोठे अंगण. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. म्हणजे उत्पन्नात मोठी तफावत असली तरी जमिनीत ती फारशी दिसत नाही. कोणाचीही भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला जोडलेली नाही. त्यामुळे मुलाचे लग्न झाले, हाती चार पैसे आले, की शेजाऱ्याची परवानगी न मागता खोली वाढवता येते. बांधणी साध्या गवंड्याला जमेल अशी.

नालंदेच्या विहारांचे अवशेष ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. मधोमध उघडा चौक, भोवती भिक्खूंच्या खोल्या. उष्ण देशात आकाशाखालची जागा ही बिनखर्चाची खोलीच असते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते.

बेलापूरच्या अनेक रहिवाशांनी पुढे मूळची कौलारू घरे पाडून स्लॅबची मजलेदार घरे बांधली. काही अभ्यासकांना त्याची हळहळ वाटते. आम्हांला तितकी वाटत नाही. ज्यांच्या आजोबांनी गावकुसाबाहेर छपरात दिवस काढले, त्यांना सिमेंटचे छत म्हणजे नुसता निवारा नसतो. ती मान वर करण्याची गोष्ट असते. वाड्यांचे, चौसोपी ऐसपैस घरांचे गोडवे गाणाऱ्यांनी ते वाडे कोणाचे होते, हेही सांगावे. कोरियांचे मोठेपण आम्हांला यात दिसते की लोकांनी आपले घर बदलावे, यासाठी त्यांनी आधीच जागा सोडून ठेवली होती.

आता आपल्याकडे पाहू. रमाई आवास योजनेने अनुसूचित जातींच्या व नवबौद्धांच्या असंख्य कुटुंबांना हक्काचे घर दिले, हे निर्विवाद. क्षेत्र २६९ चौरस फूट, सुमारे २५ चौरस मीटर. पण त्याचा नकाशा बहुधा गवंडी दोरी लावून जमिनीवर आखतो तेवढाच. एक चौकोन, एक दार, जमलीच तर एक खिडकी, वर स्लॅब किंवा पत्रा. दिवसभर तापलेले छत रात्री आत उष्णता ओतते आणि माणसे बाहेर खाट टाकतात. कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीतून परतलेल्या कुटुंबाला पक्के घर मिळते, पण ते दुपारी घरात बसू शकत नाही. निधी अपुरा आहे, हे खरेच. परंतु खिडकीच्या समोरासमोर दुसरी खिडकी ठेवायला जादा निधी लागत नाही, विचार लागतो. श्रीमंताच्या बंगल्याला वास्तुकार आणि गरिबाच्या घराला फक्त अंदाजपत्रक, ही वाटणी आम्हांला मान्य नाही.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत आज अभियंते आहेत, ठेकेदार आहेत, ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत आणि उत्तम गवंडीही आहेत. त्यांनी एकत्र बसून २६९ चौरस फुटांचे दोन-तीन नमुने आखावेत, अशी आमची सूचना आहे. छताला लागून गरम हवा जायला झरोका, पश्चिमेची भिंत शक्यतो बिनखिडकीची, दारापुढे ओटा, पुढे जिना चढवायला मोकळी सोडलेली बाजू, आणि चार-सहा घरकुले एका रांगेत न उभारता मध्ये अंगण ठेवून बांधण्याची तजवीज. नमुना कागदावर उतरवण्यापूर्वी ज्या घरासाठी तो आहे, त्या घरातल्या बाईला विचारावे, चूल कोठे हवी आणि पाणी कोठून भरायचे.