मी प्रेक्षक आहे, वर्गणीदार नाही

मराठी सिनेमा बघून आलं की 'कसा होता?' असं हल्ली फारसं कुणी विचारत नाही. 'बघितलास ना?' असं विचारतात. पहिल्या प्रश्नात माझ्या मताला जागा आहे, दुसऱ्यात फक्त हजेरी आहे. गणपतीची वर्गणी दिलीस ना, मतदान केलंस ना, तसंच मराठी सिनेमा बघितलास ना. एकदा पावती फाडली की विषय संपला. मूर्ती कशी आहे, मांडवात काय वाजतंय, पैसे कुठे गेले, हे वर्गणीदाराने विचारायचं नसतं. विचारलं की तो 'आपल्यातला' राहत नाही.

मला ही वर्गणी मान्य नाही. २०२५ या एका वर्षात मी स्वतःच्या पैशाने तिकीट काढून बरेच सिनेमे बघितले. काही आवडले, काहींनी वैताग आणला, एक अजून डोक्यातून जात नाही. हे सगळं जसंच्या तसं सांगायचा मला हक्क आहे. तिकिटाच्या पैशात तोही येतो.

सुरुवात 'दशावतार'पासून करतो, कारण वर्गणीचा हिशोब मला तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसला. १२ सप्टेंबरला सुबोध खानोलकरांचा हा सिनेमा आला. ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर त्यात बाबुली मेस्त्री या दशावतारी कलावंताच्या भूमिकेत आहेत. रात्री राजा होणारा आणि सकाळी पुन्हा डोक्यावर बोजा घेणारा हा कोकणातला कलावंत मराठी पडद्यावर इतक्या मानाने क्वचितच आला असेल. बाबुलीची अधू होत चाललेली नजर, रंग लावताना मात्र न चुकणारा हात, मुलाशी असलेलं त्याचं नातं, हे सगळं बघताना मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. प्रभावळकरांच्या चेहऱ्यावर रंग चढतो तेव्हा आपण एका माणसाला आत जाताना आणि दुसऱ्याला बाहेर येताना बघतो. एवढ्यासाठी तिकीट वसूल.

पण मग खाण येते, खलनायक येतात, आणि सिनेमा सूडाच्या वाटेला लागतो. इथे माझं भांडण आहे. ज्यांनी सिंधुदुर्गात रेडी किंवा कळण्याची खाण पाहिली आहे, त्यांना माहीत आहे की डोंगर एका दुष्ट माणसामुळे पोखरला जात नाही. त्यामागे लीज असतं, जनसुनावणी असते, जमिनीचे कागद असतात. गावातल्याच कुणाचा तरी डंपर असतो आणि त्या डंपरच्या हप्त्यावर चालणारं घर असतं. अवतार येतो, दुष्टांना संपवतो आणि टाळ्या घेतो, तेव्हा हा सगळा गुंता टाळ्यांच्या आवाजात बुडून जातो. प्रेक्षक म्हणून मला हलकं वाटतं, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. इतका जड प्रश्न हातात घेतलेल्या सिनेमाने मला इतक्या स्वस्तात सोडायला नको होतं.

एवढंच मी लिहिलं होतं, आधी कौतुक आणि मग तक्रार. उत्तरं आली ती अशी: 'मग तू काढून दाखव.' 'दक्षिणेतलं चालतं, आपलं चालत नाही.' 'अशा लोकांमुळेच मराठी सिनेमा मरतो.' सिनेमाच्या धंद्यात काम करणाऱ्या एका मित्राने तर फोन केला. तो रागावलेला नव्हता, काकुळतीला आला होता. म्हणाला, 'अरे, तुझं बरोबर आहे. पण पहिला आठवडा तरी गप्प बसायचं ना.'

हे 'पहिला आठवडा गप्प बसा' प्रकरण नीट बघायला हवं, कारण त्यात थोडं खरंही आहे. मराठी सिनेमाचं नशीब शुक्रवार ते रविवारात ठरतं. सोमवारी खेळ कमी होतात, पुढच्या शुक्रवारी सिनेमा उतरतो. अशा वेळी एखाद्या वाईट शब्दाने माणसं थांबली, तर कुणाची तरी तीन-चार वर्षांची मेहनत वाया जाते. ही भीती मला समजते. पण तिच्यावर जो उपाय शोधला आहे तो बघा. प्रत्येक सिनेमाच्या प्रीमियरनंतर तीच पंधरा-वीस मंडळी त्याच मखमली पडद्यासमोर उभी राहून तेच तीन शब्द बोलतात: 'अप्रतिम', 'नक्की बघा', 'सहकुटुंब'. रात्री बारापर्यंत सगळ्यांच्या स्टोरीवर तेच. दोन आठवड्यांनी दुसरा सिनेमा, पुन्हा तेच शब्द. प्रत्येक गोष्ट अप्रतिम असली की अप्रतिम या शब्दात काही उरतच नाही.

आणि या नाण्याची किंमत उतरली की नुकसान वाईट सिनेमाचं होत नाही, चांगल्या सिनेमाचं होतं. उदाहरण देतो.

'दशावतार'नंतर बरोबर आठवड्याने, १९ सप्टेंबरला, रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं' आला. त्याच वर्षी सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक या मराठी सिनेमाला मिळालं होतं. भारतात तो थिएटरात आणायला राणा दग्गुबातीची कंपनी पुढे आली. गोष्ट साधी आहे. मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी जातो. नातेवाईक त्याच्या लग्नाचा विषय काढत राहतात. आईला आपल्या मुलाचं खरं माहीत आहे. आणि गावात बाळ्या आहे, त्याचा लहानपणीचा मित्र.

या सिनेमात कुणी भाषण देत नाही. कॅमेरा एका जागी ठेवून माणसांना त्यांच्या वेळेने जगू दिलं आहे. सुतकातल्या घरात किती गर्दी असते आणि त्या गर्दीत माणूस किती एकटा असतो, हे मी गावाकडे अनेकदा पाहिलं आहे. पडद्यावर ते इतकं खरं पहिल्यांदाच पाहिलं. दोन पुरुषांचं प्रेम दाखवताना सिनेमा आवाज चढवत नाही की घाबरतही नाही. आणि आई! मराठी सिनेमातली आई म्हणजे एकतर देव्हारा नाहीतर रडारड. इथली आई नातेवाइकांचे प्रश्न अंगावर घेते आणि मुलाला श्वास घ्यायला जागा करून देते. अख्ख्या वर्षात मला सगळ्यात जास्त आवडलेलं पात्र हेच.

माझ्या घराजवळच्या मल्टिप्लेक्सात याचा एकच खेळ होता, कामाच्या दिवशी, सकाळी पावणेदहाला. आम्ही नऊ जण होतो. बाहेर आल्यावर मी जवळजवळ तीस जणांना 'जा' म्हणून कळवलं. दोघं गेले. बाकीच्यांपैकी एकाने लिहिलं, 'तुम्ही लोक प्रत्येक मराठी सिनेमाला हेच म्हणता.' खरं सांगायचं तर त्याच्याकडे काही उत्तर मागण्याचा अधिकार आपण सगळ्यांनी मिळून घालवला आहे. ज्या दिवशी खरोखर ओरडून सांगायची वेळ येते, त्या दिवशी आपला घसा आधीच बसलेला असतो.

दयेची ही वर्गणी एका बाजूला. दुसरी वर्गणी भक्तीची आहे, आणि ती जास्त धोक्याची आहे.

'छावा' हा हिंदी सिनेमा. पण शिवाजी सावंतांच्या मराठी कादंबरीवर आधारलेला, आणि महाराष्ट्रात तो घरचं कार्य असल्यासारखा पाहिला गेला. फेब्रुवारीत मी पाहिला तेव्हा हॉलमध्ये घोषणा होत्या, शेवटी हुंदके होते. विकी कौशलने जीव ओतला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पडद्यावर मला संभाजी महाराज किती भेटले? ज्यांच्या नावावर 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ आहे, ज्यांनी १६८१ ते १६८९ मुघल, सिद्दी आणि पोर्तुगीज अशा सगळ्यांशी एकाच वेळी झुंज घेतली, घरातल्या कटांना तोंड देत राज्यकारभार चालवला, तो माणूस विचार कसा करत होता? सिनेमात ते गर्जना करतात, सिंहाशी झुंजतात, लढतात आणि मग फार वेळ छळ सोसतात. लेझीम खेळण्याचं दृश्य आक्षेपांनंतर काढून टाकलं गेलं. म्हणजे राजाला आनंदाने चार पावलं टाकताना पाहून आपल्या भावना दुखावतात, आणि त्याच्या देहाची विटंबना तपशीलवार पाहून त्या सुखावतात. हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

हे वाक्य चारचौघांत बोलायला मी दोनदा विचार करतो, आणि त्याला कारण आहे. २०२२मध्ये ठाण्याच्या एका मल्टिप्लेक्समध्ये 'हर हर महादेव'चा खेळ बंद पाडला गेला आणि तिकीट काढून बसलेल्या एका प्रेक्षकाला मारहाण झाली. त्या सिनेमातल्या इतिहासावर आक्षेप असू शकतात. ते लिहा, बोला, कोर्टात जा. पण मार कुणाला बसला? प्रेक्षकाला. पडद्यावर काय दाखवायचं यावर दोन बाजूंचं भांडण होतं, आणि त्यात ज्याचा काहीच वाटा नव्हता तो मध्ये सापडला. एकदा 'सिनेमा म्हणजे राजा' असं समीकरण झालं की सिनेमाला वाईट म्हणणारा द्रोही ठरतो, आणि दुसऱ्या टोकाला तो नुसता बघणाराही द्रोही ठरतो. 'फर्जंद'पासून आपल्याकडे शिवकालीन सिनेमांची रांग लागली आहे. त्यातला कोणता सिनेमा म्हणून चांगला आणि कोणता नुसता जयजयकार, यावर मोकळेपणाने वाद घातलेला मी क्वचितच ऐकला आहे. महाराजांवर प्रेम आहे म्हणून दिग्दर्शकाचे गुण वाढवून द्यायचे, हा महाराजांचा सन्मान कसा होतो?

आता नेहमीचा आक्षेप. 'बोलणं सोपं आहे, पण मराठी माणूस थिएटरात येतच नाही, त्याला आणायचं कसं?'

येत नाही? 'सैराट'ला कुणी 'मायबोलीसाठी बघा' म्हणून नेलं होतं? तो शंभर कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी सिनेमा ठरला, कारण लोकांना तो पुन्हा पुन्हा बघायचा होता. २०२३ला 'बाईपण भारी देवा'ला बायका घोळक्याने, नटून-थटून गेल्या. मला स्वतःला तो सिनेमा ठोकळेबाज वाटला, पण त्या सहा बहिणींमध्ये माझ्या मावशीला स्वतःचं काहीतरी दिसलं. ती गेली ती तिच्या मर्जीने, कुणावर उपकार करायला नाही. २०२५ला 'आता थांबायचं नाय!'लाही तोंडी कौतुकानेच माणसं मिळाली. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी होतात, ही गोष्ट शिवराज वायचळांनी प्रेमाने सांगितली आहे. सफाईचं काम ठरावीक लोकांच्याच वाट्याला का येतं, या प्रश्नाच्या दारापर्यंत जाऊन सिनेमा प्रेरणेच्या वाटेने वळतो, ही माझी तक्रार. तरी भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधवसाठी मी तो पुन्हा बघेन. बघा, तक्रार आणि प्रेम एका वाक्यात मावतात.

आणि माणसं येत नाहीत तेव्हा जबाबदार कोण, हेही एकदा विचारू. १२ सप्टेंबरला 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन मराठी सिनेमे एकाच दिवशी लावले ते प्रेक्षकाने नाही. १८ जुलैला 'सैयारा'च्या लाटेत 'ये रे ये रे पैसा ३'चे खेळ गेले, ते प्रेक्षकाने काढले नाहीत. २०१५मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं आणि थोड्याच दिवसांत प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं ठरलं. दुपारी बाराला कोणाचा प्राइम टाइम असतो? सप्टेंबर २०२५मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के तसाच राहिला. तुमच्या शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये शनिवारी संध्याकाळी शंभर रुपयांचं तिकीट शोधून दाखवा. या सगळ्या ठिकाणी भांडायला ताकद लागते. प्रेक्षकाच्या भाषाप्रेमाला चिमटा काढायला काहीच लागत नाही, म्हणून तो काढला जातो.

तुम्ही हे फोनवर वाचताय. पुढचा मराठी सिनेमा बघाल तेव्हा त्याच फोनवर दोन ओळी लिहा: काय आवडलं, काय नाही. नाव घेऊन, दृश्य सांगून लिहा. शिवी नको, स्टारही नकोत. बघायचा नसेल तर बघू नका, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागू नका. पण आवडला तर मात्र असं सांगा, की तुमच्या शब्दावर एखादा माणूस सकाळी पावणेदहाच्या खेळाला जाईल.

आणि सिनेमा करणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये. 'फँड्री'च्या शेवटी जब्या जो दगड भिरकावतो, तो सरळ आपल्या, प्रेक्षकांच्या अंगावर येतो. आम्ही तो झेलला, आणि त्याबद्दल त्या सिनेमाचे आजही आभार मानतो. सिनेमाला आम्हाला दगड मारता येतो, तर आम्हाला त्याला एक खरं वाक्य सुनावता आलं पाहिजे.