फुकट तिकिटाची किंमत कोण मोजतो?

विमानाचे तिकीट फुकट मिळू शकते, अशी एक समजूत अलीकडच्या वर्षांत सुशिक्षित मध्यमवर्गात दृढ होत चालली आहे. नोकरीला नुकत्याच लागलेल्या तरुणाला त्याचे सहकारी पहिल्या पगाराच्या दिवशीच हा मंत्र देतात. मंत्र सोपा आहे. विमान कंपनीच्या सभासद-योजनेत नाव नोंदवावे. त्याला पैसे पडत नाहीत. प्रत्येक प्रवासाचे मैल एकाच खात्यावर जमा होतील अशी दक्षता घ्यावी. चार कंपन्यांत चार खाती उघडून ते विखरू नयेत. त्या कंपनीशी संधान असलेल्या बँकेचे क्रेडिट कार्ड घ्यावे, कारण पहिल्या काही महिन्यांत त्यावर ठरावीक रक्कम खर्च केली की वर्षभर उडूनही मिळाले नसते एवढे मैल एकदम पदरात पडतात. पुढे किराणा, औषधे, विम्याचा हप्ता, मुलांची फी असे सारे त्याच कार्डावर भरावे आणि बिल मात्र मुदतीत पूर्ण चुकते करावे. वर्ष-दीड वर्षात एका फेरीचे मैल जमतात आणि नवशिका सभासद धन्य होतो.

यातील एकही सूचना खोटी नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. या मार्गाने तिकीट खरोखरच मिळते. प्रश्न एवढाच आहे की, त्या आसनाचे इंधन, वैमानिकाचा पगार, विमानतळाचे शुल्क यांचा खर्च कोणी तरी भरलेला असतोच; तो कोणी भरला? येथे जमेची बाजू तेवढी मोठ्या हौसेने दाखवली जाते. नावे टाकलेली रक्कम कोणाच्या खात्यावर गेली, हे विचारण्याची पद्धत नाही. समाजवादी विचाराच्या माणसाने नेमके तेच विचारले पाहिजे.

या योजनेचा जन्म अमेरिकेतला. १९७८ साली तेथील विमानवाहतुकीवरील सरकारी नियंत्रण उठले. भाडी आणि मार्ग ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली आणि भाडेयुद्ध पेटले. स्वस्त भाड्याची स्पर्धा म्हणजे नफ्याला कात्री. तेव्हा भाडे कमी न करता गिऱ्हाईक बांधून कसे ठेवावे, या विवंचनेतून अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी मैलांची योजना सुरू केली. आरक्षणाच्या संगणकात वारंवार प्रवास करणाऱ्यांची नावे शोधणे तिला सोपे होते. त्याच महिन्यात युनायटेड कंपनीने तिचे अनुकरण केले आणि पाहता पाहता सगळ्यांनीच तो कित्ता गिरवला.

या युक्तीतील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. वारंवार उडणारा माणूस बहुधा स्वतःच्या पैशाने उडत नसे. तो कंपनीच्या किंवा सरकारच्या खर्चाने उडे. तिकिटाचे पैसे एकाने द्यायचे, कोणत्या विमानाने जायचे हे दुसऱ्याने ठरवायचे आणि बक्षीस त्या दुसऱ्याच्या खिशात पडायचे! खरेदी-अधिकाऱ्याला पुरवठादाराने दिवाळीला पाकीट दिले तर त्याला आपण लाच म्हणतो. तीच गोष्ट छापील नियमावलीसह आणि चांदीच्या-सोन्याच्या रंगाच्या सभासदपत्रासह आली की ती 'निष्ठेचा गौरव' ठरते.

परंतु हे झाले पहिले पर्व. दुसऱ्या पर्वात मैलांचा उड्डाणाशी असलेला संबंधच पातळ होत गेला. विमान कंपन्यांनी मैल बँकांना घाऊक विकण्यास प्रारंभ केला आणि बँका ते आपल्या कार्डधारकांना खर्चाच्या प्रमाणात वाटू लागल्या. हा व्यापार आज किती मोठा आहे? डेल्टा या एकाच कंपनीला अमेरिकन एक्स्प्रेसकडून २०२४ साली सुमारे ७ अब्ज ४० कोटी डॉलर मिळाले. महासाथीच्या काळात, विमाने जमिनीवर उभी असताना, या कंपन्यांनी कर्जासाठी तारण काय ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. युनायटेडने मैलांची योजना तारण ठेवून २०२० साली ६ अब्ज ८० कोटी डॉलर उभे केले. डेल्टाने त्याच वर्षी ९ अब्ज. अमेरिकनने मार्च २०२१ मध्ये १० अब्ज. युनायटेडच्या योजनेचे मूल्य तेव्हा सुमारे २२ अब्ज डॉलर धरले गेले आणि शेअरबाजारात खुद्द त्या कंपनीची किंमत त्याहून कमी होती. म्हणजे विमाने, मार्ग, कारखाने आणि हजारो कुशल कामगार यांच्यासह सबंध कंपनीपेक्षा तिने छापलेले मैल अधिक मोलाचे! आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकन व युनायटेड यांनी मिळून ३० हजारांहून अधिक कामगारांना बिनपगारी घरी बसवले. डिसेंबरमध्ये सरकारी मदत पुन्हा मंजूर झाली, तेव्हा त्यांना परत बोलावणे आले. मैलांवर अब्जावधी उभे राहतात, वेतनाची जबाबदारी मात्र करदात्यावर पडते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बँक मैल विकत घेते ते पैसे आणते कोठून? एक भाग व्यापाऱ्याकडून येतो. कार्डावर शंभर रुपयांची विक्री झाली की दुकानदाराच्या हाती पूर्ण शंभर पडत नाहीत. त्यातून शुल्क कापले जाते, आणि बक्षिसे देणाऱ्या कार्डांवर ते सहसा जास्त असते. दुकानदार ते आपल्या खिशातून सोसत नाही. तो ते मालाच्या किमतीत मिसळतो. किंमत मात्र सर्वांना सारखीच असते. कार्ड दाखवणाऱ्याला आणि घामेजल्या नोटा मोजून देणाऱ्या मोलकरणीला साबणाची वडी एकाच भावाने मिळते. पहिल्याला त्या भावातील काही अंश मैलांच्या रूपाने परत मिळतो; दुसरीला काहीच नाही.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या बॉस्टन शाखेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० साली याचा हिशेब मांडला. रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डधारकांना देते आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला वर्षाकाठी १,१३३ डॉलर मिळतात, असे त्यांना आढळले. उत्पन्नाच्या तळाशी असलेले कुटुंब सरासरी २१ डॉलर गमावते आणि शिखरावरचे ७५० डॉलर कमावते. दुसरा भाग येतो व्याजातून. ज्यांना बिल मुदतीत फेडता येत नाही, त्यांच्यावर जबर व्याज चढते. नंतरच्या एका अभ्यासाने अमेरिकेत बक्षिसांच्या निमित्ताने दरवर्षी सुमारे १५ अब्ज डॉलर एका गटाकडून दुसऱ्याकडे जातात असा अंदाज केला. त्यात उत्पन्नाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, रेषा पडते ती व्यवहारचतुर आणि अनभिज्ञ यांच्यामध्ये. 'बिल मुदतीत पूर्ण चुकते करावे' हा जो शहाणपणाचा सल्ला नवशिक्याला दिला जातो, त्याचा अर्थ येथे उलगडतो. कोणी तरी तो पाळू शकत नाही, म्हणूनच पाळणाऱ्याचे विमान उडते.

बरे, ज्याला हे मैल मिळतात तो तरी त्यांचा मालक आहे काय? मुळीच नाही. मैल हे एक खाजगी चलन आहे. आणि ते छापणारा त्याचा भावही ठरवतो. आज पंचवीस हजार मैलांना मिळणारे तिकीट उद्या चाळीस हजारांचे झाले, तर तक्रारीला जागा नाही. २०१५-१६ मध्ये अमेरिकेतील तिन्ही बड्या कंपन्यांनी अंतरानुसार मैल देणे सोडून तिकिटाच्या किमतीनुसार देण्यास सुरुवात केली. म्हणजे स्वस्त तिकिटाने लांब जाणारा मागे पडला आणि महागडे तिकीट काढणारा पुढे आला. २०२३ साली डेल्टाने विशेष दर्जा केवळ खर्चाच्या रकमेवर देण्याचे जाहीर केले, तेव्हा इतका गदारोळ झाला की तिला काही पावले मागे घ्यावी लागली. पण हे झाले मर्जीने, कायद्याने नव्हे. योजनेतून हकालपट्टी झालेल्या एका सभासदाने भरलेला दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपनीने सद्भावनेने वागावे ही त्याची मागणी १९७८ च्या नियंत्रणमुक्तीच्या कायद्यापुढे टिकत नाही, असा निकाल २०१४ साली लागला. ज्या कायद्याने ही योजना जन्माला घातली, त्यानेच तिला कवचही दिले.

आपल्याकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. मुंबईत मुख्यालय असलेली जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थकले. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्यासाठी त्यांना न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. पण तिची मैलांची योजना? ती आधीच वेगळ्या कंपनीच्या नावावर होती आणि त्या कंपनीचे बहुसंख्य भाग अबुधाबीच्या एतिहादकडे होते. विमान कंपनी कोसळली तरी मैलांची कंपनी तगली. त्याच वर्षी नाव बदलून 'इंटरमाइल्स' म्हणून ती धंदा करू लागली. सभासदांचे मैल शाबूत राहिले आणि विमान धुणाऱ्या, सामान वाहणाऱ्या, प्रवाशांना हसतमुखाने पाणी देणाऱ्या माणसांच्या श्रमाचा मोबदला मात्र दिवाळखोरीच्या फायलीत अडकला. निष्ठेला बक्षीस देणारी व्यवस्था कोणाच्या निष्ठेची कदर करते, याचा याहून उघड पुरावा कोणता हवा?

यावर एक आक्षेप हमखास येतो. "एकट्याने मैल घेतले नाहीत म्हणून साबणाची किंमत उतरणार आहे काय? मग घेण्यात चूक काय?" आक्षेपात तथ्य आहे. वैयक्तिक संन्यासाने व्यवस्था बदलत नाही आणि कार्ड कापून टाकणे म्हणजे क्रांती नव्हे. परंतु घेणे आणि मिरवणे यांत फरक आहे. ज्या मध्यमवर्गीयाला आपले फुकट तिकीट आपल्या हुशारीचे फळ वाटते, तोच गरिबाच्या रेशनला आणि एस.टी.च्या सवलतीला 'फुकटेगिरी' म्हणून हिणवतो. त्याच्या स्वतःच्या अनुदानाचा हिशेब त्याला दाखवणे हे राजकीय काम आहे.

शिवाय जेथे पैसा जनतेचा आहे, तेथे घेण्याचाही अधिकार नाही. जर्मनीत ग्रेगोर गीझी हे डाव्या चळवळीतील मोठे नाव. खासदार म्हणून केलेल्या सरकारी प्रवासाचे मैल त्यांनी खाजगी प्रवासाला वापरले, हे उघड झाले तेव्हा ३१ जुलै २००२ रोजी त्यांनी बर्लिनच्या अर्थमंत्रिपदाच्या तोलाच्या पदाचा राजीनामा दिला. रक्कम क्षुल्लक होती, तत्त्व क्षुल्लक नव्हते. आपल्याकडेही सरकारी दौऱ्यातून मिळालेले मैल सरकारी प्रवासासाठीच वापरावेत, अशा केंद्रीय अर्थखात्याच्या सूचना आहेत. त्या किती आमदार-खासदारांच्या आणि अधिकाऱ्यांच्या बाबतीत पाळल्या जातात, हे माहितीच्या अधिकारात विचारण्याचे काम कार्यकर्त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यात हाती घ्यावे.

आणि पर्याय नाही, असे तर मुळीच नाही. युरोपीय संघाने २०१५ साली कार्डांवरील बँकांचे शुल्क बांधून टाकले. क्रेडिट कार्डावर शेकडा ०.३, डेबिट कार्डावर शेकडा ०.२. नॉर्वेने २००२ पासून २०१३ पर्यंत देशांतर्गत प्रवासावर मैल देण्यास बंदी घातली होती, कारण ते स्पर्धेचा गळा घोटतात हे तेथील स्पर्धा-नियामकाने ओळखले. भारतात १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेणे बंद झाले. तो खर्च बँका आणि सरकारी तिजोरी उचलते, हे खरे. पण भाजीवालीच्या टोपलीतून कोणाचे तिकीट निघत नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. क्रेडिट कार्डावरील व्यापारी शुल्कावर कायद्याने कमाल मर्यादा असावी. मैलांचा भाव पूर्वसूचनेविना घटविण्यास बंदी असावी. कंपनी बुडाल्यास कामगारांचे थकित वेतन मैलांच्या योजनेच्या मालमत्तेतूनही वसूल करता यावे; योजना वेगळ्या कंपनीच्या नावावर आहे ही सबब चालू नये. आणि उड्डाणाला उत्तेजन देणाऱ्या बक्षिसांवर कर बसावा. जगातील एक टक्का लोक नागरी विमानवाहतुकीच्या निम्म्या कार्बन-उत्सर्जनाला कारणीभूत आहेत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांडला गेला. त्यांना अधिक उडण्यासाठी बक्षीस आणि त्या बक्षिसाची वर्गणी कधीही विमानात न बसलेल्यांकडून, हा व्यवहार कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारा नाही.

नवशिक्या तरुणाला मैल कसे जमवावेत हे शिकवणारे पुष्कळ आहेत. ते कोणाकडून जमा होतात, हे त्याला सांगणारे मात्र आपल्यापैकीच कोणी तरी असले पाहिजे.